कलबुतं

साव्लेचे पाय माझ्या फळीवर आहेत,
अक्रोडाच्या लाकडात. चार जोड. पाचवा हातात.
धुकं नसेल तेव्हा खिडकीतून उष्बा दिसतो.
मी तिथे गेलेलो नाही.
मेस्तियातल्या दगडी मनोऱ्याची दुसरी शिडी चढलो
तरी माझ्या गुडघ्यांचं पाणी होतं.
त्या डोंगराबद्दल मला जे ठाऊक आहे
ते चामड्याकडून.

पहिला जोड बेचाळीस नंबरचा. दोन्ही पाय सारखे,
चवडा रुंद, नखांत शेतातली माती. वय एकोणीस.
सोबत चुलतभाऊ बिमुर्झा, तोही बेचाळीस.
म्हणाला, "एकाच कलबुतावर दोघांचे ठोक,
तेवढीच लाकडाची बचत."
मी ऐकलं नाही.
बिमुर्झाची करंगळी आत वळलेली होती.

दुसरा, हिमलोटानंतरचा.
डाव्या पायाची तीन बोटं झुग्दिदीच्या इस्पितळात राहिली.
अठ्ठावीस तास तो बर्फाखाली होता,
तोंडापुढे हातभर पोकळी,
आणि आठवत काय होतं म्हणे, तर आईची कुब्दारी,
मांस कमी, कांदा जास्त.
मी रापीने लाकूड तासलं, बोटांच्या जागी लोकर कोंबली.
त्याच बुटांत तो पामीरला गेला. तेव्हा देश एक होता,
आता तिथे जायला शिक्का लागतो.
परतला तो छातीवर बिल्ला लावून.
बिल्ल्याची डबी माझ्याकडेच विसरला,
तिच्यात मी बारीक खिळे ठेवतो.

तिसरा.
घळीत दोर तुटला नव्हता.
दोर ज्या खडकाला बांधला होता, तो खडकच निघाला.
साव्ले दोनशे मीटर खाली, कंबर तीन ठिकाणी मोडलेली.
बिमुर्झा हिमनदीच्या भेगेत.
पाचव्या महिन्यात साव्ले कुबड्यांवर दुकानात आला.
उजवा पाय दोन बोटं आखूड.
"तळ जाड कर." एवढंच बोलला.
मी त्याला बस म्हटलं नाही. अजून लाज वाटते.

चौथ्या जोडाच्या वेळी नारगिझा आधी आली.
दुप्पट पैसे फळीवर ठेवले:
"माझ्या नवऱ्याला बूट शिवू नकोस."
पैसे मी परत केले, आणि दोन महिने
चामडं आलं नाही असं खोटं सांगत राहिलो.
तोपर्यंत तो जुन्याच बुटांना तार बांधून
बचाव पथकाबरोबर वर जात होता.
मग शिवले. काय करणार?
अकरा माणसं त्याने जिवंत खाली आणली, चौदा मेलेली.
विचारलं तर चौदाच सांगतो.

गेल्या ऑगस्टात एका मेंढपाळाने
हिमनदीच्या तोंडाशी सापडलेला बूट आणला.
तेहतीस वर्षं. दुहेरी टाका, मेणाचा दोरा, माझाच.
एकही टाका उसवला नव्हता.
याचा अभिमान वाटावा का, हे कुणाला विचारू?
साव्लेने बूट मांडीवर घेतला, आतलं पाणी ओतलं,
करंगळीच्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला.
खूप वेळाने म्हणाला,
"एकाच कलबुतावर ठोकले असतेस, तर आज
हा माझाच समजून बसलो असतो."
आणि हसला. मला हसता आलं नाही.
मग तो म्हणाला, "तसं पाहिलं तर..."
आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

आज तो पुन्हा आलाय. घरात घालायला
नमद्याच्या सपाता हव्यात, चुलीपासून दारापर्यंतच्या.
मी कागदावर त्याचा डावा पाय ठेवतो,
पेन्सिल टाचेपासून फिरवत आणतो,
जिथे बोटं नाहीत तिथून रेघ सरळ नेतो,
आणि तो पाय झटकन मागे घेतो.
"अरे, गुदगुल्या होतात!"

कागद फाटला. दुसरा घेतो.
या वेळी पेन्सिल जरा लांबून नेतो,
बोटांना वळसा घालून.